गंजाखाली काय उरलंय? जुन्या सुतारी हत्यारांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी अर्ध्या पानात एवढंच लिहिलं होतं, की जुन्या वस्तूंच्या बाजारात ताडपत्रीवर पडलेला एक तांबडा रंधा मी उचलला, दोन संध्याकाळी घासला आणि आता तो माझ्या बाकावर रोज चालतो. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळी पूर्ण सदरच माझ्या गळ्यात टाकलं. मी हाडाची सुतार नाही. पंचवीस वर्षं हिशेबनीस होते, आणि सुट्टीच्या सकाळी लोकांच्या अडगळीच्या खोक्यांत हात घालत आले. त्यामुळे उत्तरांत हिशेब जास्त आणि कारागिरी कमी वाटली तर चालवून घ्या.

हातात घेतले की सगळे रंधे सारखेच दिसतात: काळे, तांबडे, चिकट. त्यातला चांगला कसा ओळखायचा? बाजारात जाताना सोबत काय न्यावं?
– नुकताच शिकू लागलेला

आधी खिशाचं बघू. सहा इंची पोलादी पट्टी, छोटी विजेरी, एक स्क्रूड्रायव्हर, चिंधी, पेन्सिल आणि कोरा कागद. कागद गुण्यासाठी, म्हणजे काटकोन तपासायच्या हत्यारासाठी. सरळ कडेच्या फळीला कागद लावून गुण्याने एक रेघ मारायची, मग गुण्या उलटा करून त्याच ठिकाणाहून दुसरी मारायची. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर गुण्या खरा. फाकल्या, तर जेवढी फट दिसते त्याच्या निम्मी त्याची चूक. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण ते करणारा माणूस मला बाजारात क्वचितच दिसतो.

आता रंधा. वरवरचा तांबडा गंज म्हणजे धूळ समजा. घासला की जातो. खरी भीती खड्ड्यांची. गंजाने लोखंड आतपर्यंत खाल्लं की तिथे काळे, खोल टिपके राहतात, आणि ते घासून जात नाहीत, घासता घासता लोखंडच संपतं. पण खड्डे कुठे आहेत ते बघा. रंध्याच्या बाजूच्या भिंतीवर असतील तर खुशाल दुर्लक्ष करा, लाकडाला त्याचं काही नाही. पात्याच्या पाठीवर, धारेपासून अर्ध्या इंचात असतील तर विचार करा. धार म्हणजे दोन गुळगुळीत पृष्ठभाग जिथे भेटतात ती रेघ. त्यातला एक खड्ड्यांनी भरलेला असेल तर दुसरा आरशासारखा करून काय उपयोग?

म्हणून विक्रेत्याला विचारून लिव्हर कॅप, म्हणजे पातं दाबून धरणारी वरची पट्टी, काढा आणि पातं बाहेर घ्या. पात्यातल्या लांबट खाचेपासून धारेपर्यंत किती पोलाद शिल्लक आहे ते पट्टीने मोजा. पाऊण इंचाहून कमी असेल तर आधीच्या मालकाने त्याचा पुरेपूर वापर केला आहे, तुमच्या वाट्याला शेपूट आलं. पातं नवं मिळतं, त्यामुळे यावरून रंधा टाकून देऊ नका, फक्त नव्या पात्याची किंमत मनात धरून भाव ठरवा.

मग विजेरी तोंडावर मारा, म्हणजे तळातून पातं जिथून डोकावतं त्या फटीवर. तिचे चारही कोपरे आणि दोन्ही बाजूच्या भिंती नीट बघा. रंध्याचं अंग बिडाचं असतं. बीड दाब सोसतं, पण बाकावरून फरशीवर पडलं की तडकतं. पहिल्याच वर्षी मी एक पाच नंबरचा रंधा घेतला होता, वरून ताजा काळा रंग मारलेला, नवऱ्या मुलासारखा सजवलेला. घरी येऊन रंग काढला तर तोंडाच्या कोपऱ्यातून भिंतीवर चढत गेलेली केसाएवढी चीर. तो अजून माझ्याकडे आहे. कागद उडू नयेत म्हणून ठेवते. तेव्हापासून जुन्या हत्यारावर नवा रंग दिसला की मी भाव विचारायच्या आधी विजेरी काढते.

तळावर पट्टी उभी धरून उजेडाकडे बघा. बारीक फट दिसली तर चालेल. काचेवर पॉलिशपेपर चिकटवून तासाभरात तळ सपाट होतो. मुठी तुटलेल्या असतील तर लाकूडच आहे, करता येतात. पण स्क्रू हरवला असेल तर सावध राहा. स्टॅनली या अमेरिकन कारखान्याच्या रंध्यांत मुठी धरून ठेवणाऱ्या दांड्यांचे आटे वेगळेच आहेत, १२ नंबरच्या जाडीवर इंचाला २०. तो स्क्रू हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. दुसरा मोडका रंधा मिळेपर्यंत तुमचा रंधा फळीवर बसून राहतो. एक क्षुल्लक तुकडा नसलेला 'स्वस्त' रंधा शेवटी दोन रंध्यांच्या भावात पडतो, हे मी वहीत लिहून सिद्ध केलं आहे.

आणि नावाच्या मागे धावू नका. लिओनार्ड बेली या माणसाने १८६०च्या दशकात लोखंडी रंध्याची जी रचना केली, ती १८६९ मध्ये स्टॅनलीने विकत घेतली. १ ते ८ हे आकडे तिथून आले: ४ म्हणजे साधारण नऊ इंची, दोन इंच रुंद पात्याचा. ५ म्हणजे चौदा इंची. ७ बावीस इंची, ८ चोवीस. पुढे हीच रचना बाकीच्यांनीही उचलली. शेफील्डच्या रेकॉर्डने १९३१ पासून रंधे काढले आणि आकड्याआधी शून्य लावलं: ०४, ०५. मिलर्स फॉल्सने लांबीच आकडा म्हणून दिली, त्यांचा ९ म्हणजे स्टॅनलीचा ४ आणि त्यांचा १४ म्हणजे ५. सार्जंटचा ४०९ हाही ४च्याच मापाचा. सगळे लोक स्टॅनलीचं नाव शोधत खोकी उपसतात, आणि शेजारचा मिलर्स फॉल्सचा ९ तसाच पडून राहतो. माझ्या बाकावर आता तोच आहे.

एका पटाशीवर "कास्ट स्टील" असा शिक्का आहे. विक्रेता म्हणाला, "ओतीव आहे, हलका माल, घेऊन टाका." घेतली. फसले का मी?
– घरच्या घरी खुर्च्या दुरुस्त करणारी

तुम्ही नाही, तोच फसला!

हा घोळ शब्दाचा आहे. कास्ट म्हणजे ओतीव, म्हणून लोकांना वाटतं बिडासारखं काहीतरी साच्यात ओतलेलं. पण तो शिक्का पटाशीच्या आकाराबद्दल बोलत नाही, पोलाद कसं तयार झालं ते सांगतो. १७४०च्या दशकात बेंजामिन हन्ट्समन नावाचा इंग्रज घड्याळजी स्प्रिंगसाठी एकसारखं पोलाद शोधत होता. त्या वेळच्या पोलादात कार्बन कुठे जास्त, कुठे कमी असायचा. शेफील्डजवळ त्याने मातीच्या बंद मुशीत पोलाद पूर्ण वितळवलं, म्हणजे सगळीकडे एकजीव झालं, आणि मग त्याच्या लगडी ओतल्या. त्या लगडी तापवून, ठोकून हत्यारं घडवली जायची. पुढे दीडशे वर्षांहून जास्त काळ उत्तम हत्यारांवर हाच शिक्का अभिमानाने मारला गेला. तेव्हा तो दिसला की तोंडावर काही दाखवू नका आणि शांतपणे पैसे काढा.

मात्र शिक्का चांगला म्हणून पटाशी चांगली असं होत नाही. तीन गोष्टी बघा. पाठ: वर रंध्याच्या पात्याबद्दल जे सांगितलं तेच, आणि पटाशीत तर जास्तच, कारण पटाशीची पाठ लाकडाला टेकूनच काम होतं. बऱ्याच पटाश्यांची पाठ कोणीतरी ग्राइंडरवर गोल करून ठेवलेली असते. ती सपाट करताना तुमचे अंगठे दुखतील आणि तुम्ही मला शिव्या द्याल. दुसरं, रंग. धारेजवळ निळा-जांभळा डाग दिसला तर तिथे पोलाद जास्त तापून नरम पडलं आहे. तेवढा भाग घासून मागे गेलात तर पुढचं पोलाद पुन्हा कडक मिळतं, म्हणून लांबी भरपूर असेल तर निळ्या डागाची भीती नाही. तिसरं, मूठ बसवायची खोबण असलेली पटाशी मुठीशिवाय लोखंडी हातोडीने ठोकलेली असेल, तर खोबणीची कड बाहेर फुलून फाटलेली असते. कड कानशीने सरळ होते, पण चीर खोल गेली असेल तर तिच्यात मूठ टिकणार नाही.

शिक्क्यांबद्दल अजून एकीने विचारलं होतं, तिलाही इथेच सांगते. शार्क माशाचं चित्र असलेली पटाशी म्हणजे स्वीडनच्या एस्किलस्टुनातली ई. ए. बर्ग. ती दिसली तर माझ्यासाठीही एक घ्या.

करवतीचं मला काहीच कळत नाही. दात बोथट असले की संपली, असं समजायचं का?
– दोनदा फसलेला

दात ही करवतीतली सगळ्यात कमी काळजीची गोष्ट आहे. कानशीने दात पुन्हा होतात. एखाददुसरा तुटका असेल तरी करवत कापते. पाचसहा ओळीने तुटलेले असतील तर मात्र सगळे दात घासून नव्याने पाडावे लागतात, आणि ते काम पहिल्यांदा करायचं असेल तर माझी सहानुभूती आहे.

बघायचं ते पातं. मूठ डोळ्याजवळ धरून दातांच्या ओळीवरून टोकाकडे बघा, बंदूक रोखतात तसं. पातं सगळीकडून सावकाश एका बाजूला झुकलं असेल तर ते सरळ करता येतं. पण एके ठिकाणी मोडल्यासारखा बाक, म्हणजे कोणीतरी करवत अडकल्यावर जोराने ढकलली आणि पोलाद तिथे दुमडलं, असं असेल तर ठेवून द्या. तो बाक ठोकून काढणारे लोक आहेत, पण ती वेगळी विद्या आहे. मला ती आलेली नाही, आणि त्या नादात मी एक बरी करवत आणखी वाकडी केली आहे. दातांची ओळ मधे किंचित फुगीर असेल तर घाबरू नका, अनेक चांगल्या करवती मुद्दाम तशा घडवलेल्या असतात. उलट मधे खोलगट असेल तर कोणीतरी वर्षानुवर्षं मधलेच दात घासले आहेत.

मुठीजवळ पात्यावर एक आकडा ठोकलेला असतो. ८ असेल तर इंचाला आठ टोकं. पाच-सहा असतील तर ती लाकूड लांबीच्या दिशेने चिरायची करवत, आठ ते अकरा असतील तर बहुधा आडवं कापायची. आधीच्या मालकाने दात बदललेले असू शकतात, म्हणून स्वतः मोजा.

आता मुठीतलं पितळी बिल्ल्यासारखं बटण. त्यावर कारखान्याचं नाव असतं. हेन्री डिस्टनने १८४० मध्ये फिलाडेल्फियात करवतीचा धंदा सुरू केला, आणि पुढे त्याच्या घराण्याच्या करवती जगभर गेल्या. बिल्ल्यावरची अक्षरं काळाप्रमाणे बदलत गेली, त्यावरून करवतीचं वय काढणारे हौशी लोक आहेत. "वॉरंटेड सुपीरियर" असा बिल्ला बऱ्याच करवतींवर दिसतो. ते कोणा कारखानदाराचं नाव नाही. अनेक कारखाने, त्यात डिस्टनही आले, आपल्या दुय्यम मालावर तो लावत. 'दुय्यम' हा शब्द वाचून नाक मुरडू नका. त्यातल्या जुन्या करवती आजही छान चालतात आणि नाव नसल्यामुळे संग्राहक त्यांच्या वाटेला जात नाहीत.

आणि कृपा करून घरी गेल्या गेल्या तारेचं चाक फिरवू नका. पात्यावर ॲसिडने कोरलेली नाममुद्रा गंजाखाली लपलेली असते. रॉकेल किंवा पातळ तेल टाकून, सपाट ठोकळ्याला गुंडाळलेल्या बारीक पॉलिशपेपरने हलक्या हाताने घासा. गंज निघत जातो आणि कोरलेली अक्षरं काळी राहतात. मला एकदा अशीच डिस्टनची एक डी-८ करवत सापडली, मुठीचं शिंगासारखं टोक अर्धं तुटलेलं, पात्यावर रंगाचे शिंतोडे. दुसऱ्या दिवशी नाव वर आलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना उठवलं. कोणालाच काही वाटलं नाही.

पहाटे जावं की बाजार उठताना?
– झोप प्रिय असलेला

माल हवा असेल तर पहाटे, भाव हवा असेल तर उठताना. संध्याकाळी सामान परत गाडीत चढवायचा कंटाळा आला की विक्रेता नरम होतो, पण तोवर चांगले रंधे गेलेले असतात. घर रिकामं करताना होणारी विक्री दोन-तीन दिवस चालते. तिथे मी पहिल्या दिवशी बघून येते आणि शेवटच्या दिवशी उरलेल्यातलं उचलते. मधल्या दिवशी कोणी नेलं तर नेलं.

टेबलावर मांडलेल्या हत्यारांपेक्षा टेबलाखालच्या खोक्यांत जास्त हाती लागतं. मांडलेलं म्हणजे विक्रेत्याने ओळखलेलं. खोक्यात नट आवळायचे पाने, नळाचे तुकडे, खिळे असतात, त्याच्या तळाशी पटाश्या जातात, कारण पटाश्या जड आणि लांब. हात घालताना जपून. मी कातडी हातमोजा एकाच हातात घालते, दुसऱ्या बोटांना धार कळायला हवी.

घासाघीस करताना एका वस्तूवर अडून बसू नका. चार वस्तू एकत्र करून एक आकडा सांगा. आणि निघताना एक वाक्य जरूर बोला: "सुतारीचं अजून काही असेल तर मी घेते." पुढच्या वेळी तो माणूस तुमच्यासाठी खोकं बाजूला ठेवतो. माझी निम्मी हत्यारं या एका वाक्याने आली आहेत.

एका आजींनी नवऱ्याची हत्यारं विकायला काढली होती. त्यांना काही कल्पना नव्हती. एक रंधा मी अगदी कवडीमोलाने आणला. आता घरी तो बघितला की बरं वाटत नाही. काय करू?
– नाव देऊ नका

पत्र दोनदा वाचलं. बरं वाटत नाही यातच तुमचं उत्तर आहे, पण विचारलंत म्हणून माझी पद्धत सांगते, पटली तर घ्या.

जो माणूस दर आठवड्याला बाजारात बसतो, त्याच्याशी मी खुशाल घासाघीस करते आणि माझ्या ज्ञानाचा फायदा घेते. त्याने तो माल कुठूनतरी आणखी स्वस्त आणलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी तोही मला टोपी घालणार असतो. हा खेळ आहे, दोघांना माहीत आहे. घरातल्या माणसाचं तसं नाही. त्या आजींना तुमच्याइतकी माहिती मिळायची दुसरी वाट नव्हती.

एका घरी मला असंच एक लाकडी खोकं दाखवलं, आत नक्षीदार कडा काढायचे, बीच झाडाच्या लाकडाचे रंधे, पंधरावीस. टोकाच्या बाजूला घडवणाऱ्याचा शिक्का, आणि त्याच्या शेजारी एकाखाली एक तीन मालकांची नावं ठोकलेली. म्हणजे एकाच्या हातून दुसऱ्याकडे असा तीन आयुष्यांचा प्रवास. त्या बाई म्हणाल्या, "चुलीत घालणार होतो." मी त्यांना सांगितलं की हे चुलीत घालू नका, हे वेगळे विका, आणि कोणत्या प्रकारचे लोक हे घेतात तेही सांगितलं. मग मला हवे होते ते तीन मी त्यांनी सांगितलेल्या भावाच्या वर घेतले. मला तोटा झाला का? तीन रंधे मिळाले, आणि दोन महिन्यांनी त्यांनीच फोन करून सांगितलं की माळ्यावर अजून एक पेटी निघाली आहे.

तुम्ही परत जा. रंधा परत करायची गरज नाही, राहिलेले पैसे द्या. आणि त्यांच्या नवऱ्याबद्दल दोन गोष्टी विचारा. त्या सांगतील.

माझ्या रंध्यावर १९१० सालची तारीख ओतलेली आहे. म्हणजे तो १९१० चा का? किती मौल्यवान असेल?
– उत्सुक

ती पेटंटची तारीख आहे, जन्मतारीख नव्हे. रंधा त्या तारखेनंतरचा, एवढंच ती सांगते. स्टॅनलीच्या अंगावर फ्रॉगच्या, म्हणजे पातं ज्या तिरक्या तुकड्यावर टेकतं त्याच्या, मागे तीन तारखा असतील, १९०२ मधल्या दोन आणि एप्रिल १९१० ची एक, तर तो १९१० नंतरच्या काही वर्षांतला. पुढच्या मुठीच्या बुडाभोवती बिडाचं उठावदार कडं असेल तर १९३०च्या आसपासचा किंवा नंतरचा. पातं खालीवर करायच्या पितळी चक्रीच्या जागी काळं रबर दिसलं तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, पितळ लढाईला गेलं होतं. एकच काळजी घ्या: हे सगळे भाग सुटे होतात. चाळीस वर्षांत कोणीतरी दोन मोडक्यांचा एक केलेला असू शकतो.

किमतीचं म्हणाल तर या रचनेचे ४ आणि ५ लाखोंनी फिरतात, ते वापरायला घ्यावेत. संग्राहक पैसे मोजतात ते १ नंबरच्या इटुकल्या रंध्याला. तो कोणी तुम्हाला अगदी स्वस्तात देऊ लागला तर तो नकली आहे का हे आधी बघा.

सगळ्यात कमी पैशात सगळ्यात चांगलं हत्यार कोणतं मिळतं?
– काटकसरी

गिरमिटाची कुटुंबं. म्हणजे हाताने फिरवायचा ब्रेस, त्याची सर्पिल पाती, आणि दात्यांच्या चाकाचं हँड ड्रिल. विजेचं ड्रिल आल्यावर सगळ्यांनी हे टाकून दिलं, त्यामुळे खोक्याखोक्यांत सापडतं. ब्रेस घेताना चक, म्हणजे पातं पकडणारं तोंड, उघडून आतले जबडे आणि त्यांची स्प्रिंग आहे का बघा, दोन्ही दिशांना रॅचेट, म्हणजे खटक्याचं दातेरी चाक, टकटकते का ऐका. पात्यांवरचा आकडा इंचाचे सोळावे भाग सांगतो: ८ म्हणजे आठ-सोळांश, अर्धा इंच. पात्याच्या टोकाचा बारीक स्क्रू तीक्ष्ण हवा आणि कडेचे दोन काटे पूर्ण हवेत. तो स्क्रू बोथट झाला असेल तर पातं लाकडात शिरतच नाही, आणि काटे कोणी बाहेरून कानशीने घासले असतील तर भोक लहान पडून पातं अडकतं. काटे नेहमी आतून घासायचे असतात. हे माहीत नसलेल्या माणसाने बिघडवलेली पाती मी ओळखते, कारण पहिली चार मीच बिघडवली होती.

नवरा म्हणतो घरात सतरा रंधे झाले. थांबू कुठे?
– तुमच्यासारखीच

अठराव्याला. तो कदाचित ७ नंबर असेल.

गंज काढायला इलेक्ट्रोलिसिस करतोय, म्हणजे पाण्यातून वीज सोडतोय. लोखंडाचा तुकडा नव्हता म्हणून स्टेनलेस स्टीलचा चमचा लावला. पाणी पिवळं झालंय. बरोबर चाललंय ना?
– प्रयोगशील

नाही. आत्ता बंद करा. स्टेनलेसमध्ये क्रोमियम असतं, आणि या पद्धतीत ते षट्संयुजी क्रोमियम होऊन पाण्यात उतरू शकतं. ते विषारी आहे, कर्करोग घडवतं. तुमचा पिवळा रंग त्याचाच असण्याची शक्यता धरा. आधी वीज बंद, मग हातमोजे, आणि ते पाणी मोरीत किंवा बागेत ओतू नका. झाकणाच्या डब्यात भरून घातक कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

पुढच्या वेळी साधी लोखंडी सळी किंवा पत्रा वापरा, जस्ताचा मुलामा नसलेला. प्लॅस्टिकची बादली, पाण्यात धुण्याचा सोडा, चार-पाच लिटरला एक मोठा चमचा. मीठ अजिबात नको, त्याने क्लोरीन निघतो. हत्यार ऋण टोकाला, भंगार लोखंड धन टोकाला, आणि दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. उलट जोडलंत तर हत्यारच खाल्लं जाईल. बुडबुडे येतात तो हायड्रोजन असतो, म्हणून हे उघड्यावर करा, ठिणगीपासून लांब. लाकडी मुठी आधी काढा.

खरं सांगायचं तर एवढा खटाटोप मी क्वचितच करते. सायट्रिक ॲसिडचं पाणी, लिटरला पन्नासेक ग्रॅम, त्यात दोन-तीन तास, दर अर्ध्या तासाने बघून. रात्रभर विसरायचं नाही, ॲसिड गंज संपल्यावर पोलादाकडे वळतं. बाहेर काढून सोड्याच्या पाण्यात बुडवायचं, कोरडं करून लगेच तेल. काढल्यावर पाच मिनिटं फोनवर बोलत बसलात तर पुन्हा तांबूस झालेलं असेल. आणि जुना रंग असेल तर कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. ओला करून काढा.

खोक्यात एक काळा, तेलकट दगड मिळाला, मधे खोलगट. फेकू का?
– आळशी

थांबा! धार लावायचा दगड असेल तर रॉकेलमध्ये दोन दिवस बुडवून ठेवा, मग साबणाने घासा. वर्षानुवर्षांच्या तेलाचे पापुद्रे निघतील. खालून पांढुरका, बारीक, किंचित पारदर्शक दगड निघाला तर अर्कान्सासचा नैसर्गिक दगड असू शकतो, तो जपून ठेवा. करडा-काळा आणि दाणेदार असेल तर कार्बोरंडम, म्हणजे कारखान्यात बनवलेला दगड, तोही उपयोगाचा. खोलगटपणा काचेवर सिलिकॉन कार्बाइडची पूड आणि पाणी टाकून घासला की जातो, वेळ लागतो एवढंच.

मला असा पहिला दगड लाकडी पेटीसकट मिळाला होता. पेटीच्या बुडाला आधीच्या मालकाने चार बारीक खिळे मारून त्यांची टोकं जरा बाहेर ठेवली होती, दगड बाकावर सरकू नये म्हणून. ही युक्ती मला पेटी बाजारातून तळहातावर घेऊन घरी येताना कळली.